सीटखालचे दोन किलो

2025 च्या दसऱ्याला सकाळी हडपसरमधल्या एका शोरूमसमोर नव्या गाड्यांची ओळ लागली होती. प्रत्येक हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढच्या चाकाखाली लिंबू. त्या ओळीतली एक गाडी लांबूनही वेगळी दिसत होती. तिच्या सांगाड्याच्या नळ्या बाहेरून दिसत होत्या आणि सीट पुढे थेट टाकीच्या अंगावर चढलेली होती. तिचा नवा मालक लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. त्याच्या आईने गाडीला ओवाळलं, नारळ फोडला, पाण्याचा हात फिरवला आणि मग हळूच विचारलं, “अरे, सिलिंडर बुडाखाली घेऊन फिरणार का तू?”

हा मजकूर खरं तर दसऱ्याच्या वाहनखरेदीवर व्हायचा होता. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला होता, आणि कपात होईपर्यंत थांबलेली गिऱ्हाइकं सणाला एकदम बाहेर पडली होती. पण त्या माउलीचा प्रश्न ऐकला आणि मजकूर या एकाच गाडीपाशी थांबला.

गाडी म्हणजे बजाज फ्रीडम 125. 5 जुलै 2024 ला पुण्यात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या उपस्थितीत ती बाजारात आली, तेव्हा किंमत शोरूममध्ये 95 हजारांपासून 1 लाख 10 हजारांपर्यंत होती. कारखान्यातूनच सीएनजीवर चालणारी म्हणून तयार होऊन विक्रीला आलेली ही जगातली पहिली मोटारसायकल. त्याआधी 2016 मध्ये दिल्लीत स्कूटरला छोटे सिलिंडर बसवून पाहिले होते, पण ती बाहेरून केलेली जोडणी होती. बजाजचा इतिहास पुणेकरांना सांगायची गरज नाही. आकुर्डीचा कारखाना, 1972 ची चेतक, 2001 ची पल्सर, आणि दरम्यान सीएनजीवर धावणाऱ्या लाखो रिक्षा. रिक्षाचं इंजिन वायूवर चालवण्याचा इतका अनुभव गाठीशी असलेल्या कंपनीने तो दोन चाकांवर आणला, यात नवल नाही. नवल आहे ते सिलिंडरला जागा कशी केली याचं.

दोन किलो सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. साध्या दाबाला एवढा वायू मोकळा सोडला तर सुमारे तीन हजार लिटर जागा व्यापेल. म्हणजे एक मीटर लांब-रुंद-उंच अशा तीन पेट्या. तो साडेबारा लिटरच्या नळकांड्यात मावायचा तर सुमारे 200 बार दाब लागतो. मोटारसायकलच्या टायरमध्ये हवा असते साधारण दोन बारची. इथे तिच्या शंभरपट. एवढा दाब पेलणारं भांडं पत्र्याच्या टाकीसारखं हवं तसं वाकवता येत नाही. ते गोल अंगाचंच हवं, जाड भिंतीचंच हवं. पेट्रोलची टाकी डिझायनरचं ऐकते. सिलिंडर ऐकत नाही. बाकीच्या गाडीलाच त्याचं ऐकावं लागतं.

फ्रीडममध्ये ते अक्षरशः तसंच घडलं आहे. सुमारे 16 किलोंचा रिकामा सिलिंडर सीटखाली लांबट निजवला आहे. त्याच्याभोवती नळ्यांचा जाळीदार सांगाडा उभा केला, म्हणजे धडक झाली तर मार आधी सांगाड्यावर यावा. सिलिंडर खाली यावा म्हणून इंजिन पुढच्या बाजूला आडवं कललं. तो झाकायला सीट लांब झाली, 785 मिलिमीटर. आणि गाडीला उंची आली, सीट जमिनीपासून 825 मिलिमीटरवर. पेट्रोलच्या टाकीला जेमतेम दोन लिटरची जागा उरली. शोरूममध्ये ‘ऐसपैस सीट’ म्हणून दाखवतात ती मुळात या न वाकणाऱ्या नळकांड्याची कृपा आहे.

रोज लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरणाऱ्या माणसाला हे सगळं सांगावं लागलं नाही. काउंटरवेट कुठे आणि मोटर कुठे हे ठरलं की मगच केबिनचा आकार ठरतो, हे तो वीस वर्षं पाहत आला आहे. घ्यायच्या आधी त्याने शोरूमवाल्याला सीट काढून सांगाडा दाखवायला लावला होता. वेल्डिंगवर बोट फिरवून पाहिलं, सिलिंडरवरची खूण वाचली, मगच बुकिंगची रक्कम भरली.

आईच्या प्रश्नाचं उत्तरही त्याने त्याच भाषेत दिलं. घरातल्या सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. सीएनजी हवेहून हलका. उघड्यावर गळला तर वर निघून जातो. कंपनीने या गाडीच्या सुरक्षेच्या अकरा चाचण्या केल्याचं जाहीर केलं. त्यांत समोरून धडक होती आणि दहा टनांचा ट्रक अंगावरून नेण्याची चाचणीही. आई ऐकून गप्प राहिली. मग तिने उरलेलं कुंकू सीटखालच्या नळीला लावलं.

पहिला प्रवास पेट्रोलवर झाला, कारण सिलिंडर रिकामा होता. त्यामुळे नव्या मालकाची गाडीशी पहिली ओळख पंपापर्यंतच्या काही किलोमीटरांत, झेंडूच्या पाकळ्या मागे उडवत झाली. त्याची जुनी गाडी स्प्लेंडर. सव्वाशे किलोंच्या आतली, म्हशीच्या रेडकासारखी कुठेही वळणारी. ही जवळजवळ दीडशे किलोंची. पहिल्याच सिग्नलला पाय टेकवताना टाच वरच राहिली, फक्त चवडा टेकला. तिथे त्याने खांदे आखडून घेतले. पुढच्या दोन सिग्नलला तो थांबायच्या आधीच सीटवर थोडा पुढे सरकायला शिकला होता. गाडी चालू लागली की वजन जाणवेनासं होतं. ढकलत पार्किंगला लावायची वेळ आली की पुन्हा जाणवतं.

पंपावर टाकीवरचं झाकण उघडलं. एकाच झाकणाखाली शेजारी शेजारी पेट्रोलचं तोंड आणि वायूचं तोंड. पंपावरच्या कामगाराने क्षणभर पाहून पाइप कुठल्या कोनात धरायचा ते ठरवलं, नोझल खटकन बसला, फुस्स आवाज झाला आणि आकडे पळू लागले. दोन मिनिटांच्या आत काम झालं. मालकाने डाव्या हाताशी असलेलं बटण सीएनजीवर सरकवलं.

फरक आवाजात आधी येतो. पेट्रोलवर गाडीचा सूर किंचित चढा असतो. वायूवर तो मऊ आणि ठाम होतो, जणू कुणी घशाखाली बोलतंय. मग फरक मनगटात येतो. गाडी पुढे जाते, पण मूठ पिळल्यावर मिळणारा तो पहिला हिसका थोडा उशिरा येतो. कारण सरळ आहे. पेट्रोल इंजिनमध्ये तुषार होऊन शिरतं आणि फारशी जागा खात नाही. मिथेन वायूच असल्याने आत घेतलेल्या मिश्रणाच्या जवळजवळ दहावा भाग तोच व्यापतो, तेवढी हवा कमी येते, आणि हवा कमी म्हणजे ज्वलन कमी. सव्वाशे सीसीच्या इंजिनात साडेनऊ अश्वशक्तीच्या हिशोबातून थोडंसं कमी झालेलंही कळतं.

ते नीट कळलं दिवे घाटात. नवी गाडी घेतली की जेजुरीला जायचं हा त्या घराचा नेम. दुसऱ्या रविवारी मागे बायकोला बसवून तो पहाटे निघाला. सीट एवढी लांब की दोघांच्या मधे नैवेद्याची पिशवी आडवी मावली. फुरसुंगीपर्यंत गाडी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये निवांत चालली. घाटाची चढण लागली तसा पाचवा सोडावा लागला, मग चौथा. तिसऱ्यात गाडी रंगात आली. घाईने ओव्हरटेक करायला गेलं तर ती रुसते. एकाच लयीत चढू दिलं तर कुरकुर न करता वर नेते. वळणावर बस आडवी आली तेव्हा त्याने अंगठ्याने बटण पेट्रोलवर सरकवलं. न थांबता, न अडखळता गाडीने इंधन बदललं आणि ती बसच्या पुढे निघून गेली. वर पोचल्यावर त्याने पुन्हा वायूवर घेतलं. ही अदलाबदल त्याला इतकी आवडली की सासवडपर्यंत गरज नसताना तीन वेळा करून पाहिली. गडावरून खाली आल्यावर गाडीवर उधळलेला भंडारा पुढचे आठ दिवस सांगाड्याच्या नळ्यांच्या सांध्यांत पिवळा दिसत होता.

तो खिशात एक छोटी वही ठेवतो. लिफ्टच्या सर्व्हिसिंगच्या तारखा त्यात असतात. गाडीसाठी त्याने मागून पानं सुरू केली. एका किलोला 102 किलोमीटर हा कंपनीचा आकडा त्याला शहरात मिळाला नाही, आणि मिळेल असं त्याला वाटलंही नव्हतं. सिग्नल, खड्डे, वाघोलीची कोंडी यांत जे मिळालं तेही स्प्लेंडरच्या पेट्रोलखर्चापुढे बरंच स्वस्त होतं. दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर फिरणाऱ्या माणसाच्या घरखर्चात तो फरक महिनाअखेरीस दिसतो. मुलीच्या क्लासची फी त्यातून निघेल, असा त्याने बायकोला हिशोब मांडून दाखवला.

मग पहिल्या महिन्याच्या शेवटी वहीत आणखी एक रकाना आला. रांगेत गेलेली मिनिटं.

स्प्लेंडरच्या टाकीत सुमारे पावणेदहा लिटर पेट्रोल मावतं. आठवड्याला एकदा पंपावर जायचं, पाच मिनिटांत बाहेर. दोन किलो वायूवर मात्र, शहरातल्या चालीने, दर दोन-अडीच दिवसांनी पंप गाठावा लागतो. आणि सीएनजी पंपावरची रांग दुचाकीची नसते. ती रिक्षांची, कॅबची, टेम्पोची असते. सात-आठ किलो भरून घेणाऱ्या टॅक्सीच्या मागे दोन किलोवाला तेवढाच वेळ उभा राहतो. गाडी वळवून कडेने पुढे सरकावं तर दिवसभराच्या धंद्याचा वेळ घालवून उभा असलेला रिक्षावाला बोलणारच, आणि त्याचं चूक नाही.

नंबर आला तरी टाकी भरेलच असं नसतं. सगळे पंप थेट वाहिनीवर नसतात. काही ठिकाणी ट्रकवरच्या सिलिंडरांच्या रॅकमधून वायू येतो. पंपवाले त्यांना डॉटर स्टेशन म्हणतात. रॅक रिकामा होत जातो तसा दाब पडत जातो, आणि 200 बारची अपेक्षा असलेल्या सिलिंडरला बरंच कमी मिळतं. उन्हाळ्यात आणखी एक अडचण. झपाट्याने भरताना दाबला जाणारा वायू तापतो, तापलेला वायू फुगतो, काटा भरल्यासारखा दिसतो आणि सिलिंडर निवल्यावर खाली येतो. सहा-सात किलो घेणाऱ्या मोटारीला हा तोटा सोसवतो. ज्याच्याकडे मुळात दोनच किलो आहेत, त्याचा एक अख्खा दिवस त्यात जातो. संध्याकाळी दाब कमी असतो हे कळल्यावर तो भल्या पहाटे जाऊ लागला. पहाटे रिक्षावालेही येतात, कारण त्यांनाही ते ठाऊक आहे.

याहून मोठी काळजी पुढे आहे. वाहनातल्या सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्ट करावी लागते. त्यात पाणी भरून कामाच्या दाबापेक्षा बऱ्याच जास्त दाबाला त्याची परीक्षा होते. स्फोटकं आणि पेट्रोलियम सुरक्षेचं जे केंद्रीय कार्यालय हे नियम सांभाळतं, त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. नियम योग्यच आहे. 200 बार दाबाशी ढिलाई चालत नाही. पण मोटारीच्या डिकीतला सिलिंडर काढणं वेगळं आणि सांगाड्याच्या जाळीत, सीटखाली, नळ्यांच्या मधे बसवलेला काढणं वेगळं. 2024 च्या उत्तरार्धात विकल्या गेलेल्या पहिल्या गाड्यांची ही वेळ 2027 मध्ये येईल. त्या वेळी तालुक्याच्या गावात सीट उतरवून, पाइप सोडवून, तो पुन्हा तितक्याच काळजीने बसवणारे किती हात तयार असतील? लिफ्टवाल्याला हा प्रश्न सगळ्यांत जास्त छळतो. लिफ्ट बसवणारे उत्तम असतात, वर्षाचं सर्व्हिसिंग करणारे कमी पडतात, आणि अपघात तिथे होतात, हे तो कामाच्या अनुभवावरून सांगतो.

सिलिंडरपाशी गाडीने आपलं काम चोख केलं आहे. शहराने अजून केलेलं नाही. दुचाकीसाठी वेगळी रांग, दोन किलोसाठी सोयीचा एक छोटा नोझल, थेट वाहिनीवरचे आणखी पंप, गावोगावी शिकलेला मेकॅनिक, यांतलं काहीही अवघड विज्ञान नाही. रिक्षांसाठी पुण्या-मुंबईत हे सगळं हळूहळू उभं राहिलंच ना? पण तेव्हा न्यायालयाचे आदेश होते, परवान्यांची सक्ती होती. दुचाकीवाल्यामागे असं कुणी नाही. तो एकटा हिशोब करून आलेला असतो, आणि हिशोब चुकला तर एकटाच परत पेट्रोलवर जातो.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी पावणेसहाला तो मगरपट्ट्याजवळच्या रांगेत उभा होता. पंप अजून रस्त्याच्या पलीकडे होता. पुढे अकरा रिक्षा आणि दोन टेम्पो. गार वारा होता, रिक्षावाले चहा मागवत होते, एकाने त्यालाही अर्धा कप दिला. सीटवर हात ठेवून तो गाडीजवळ उभा असताना फोन वाजला. खराडीतल्या एका सोसायटीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकली होती, आत दूधवाला होता. त्याने कप रिक्षावाल्याच्या हातात दिला, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून मोबाइलचा उजेड आत टाकला. लिटरभर असेल-नसेल. त्याने डाव्या अंगठ्याने बटण सरकवलं आणि रांगेतून बाहेर पडला.