बागेच्या वहीतला वसंत

इंग्लंडमध्ये वसंत ऋतू कधी सुरू होतो? या साध्या प्रश्नाला तिथे तीन उत्तरे मिळतात. खगोलशास्त्राप्रमाणे तो २० मार्चच्या सुमारास, म्हणजे विषुवदिनी सुरू होतो. हवामानशास्त्रज्ञ हिशेबाच्या सोयीसाठी १ मार्च ही तारीख धरतात. तिसरे उत्तर खेड्यात बागकाम करणाऱ्याचे असते: कुंपणाच्या हॉथॉर्नला पालवी फुटली, की वसंत आला! पहिली दोन उत्तरे दरवर्षी जवळजवळ तीच राहतात. तिसरे दरवर्षी बदलते, आणि विज्ञानाच्या दृष्टीने तेच सर्वांत बोलके आहे.

या बदलाचे कारण समजण्यासाठी आधी तिथला दिवस समजून घ्यावा लागेल. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा दिवस यांत साधारण दोन तासांचाच फरक असतो. दक्षिण इंग्लंड सुमारे ५१ उत्तर अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरमधला लहान दिवस आठ तासांहूनही थोडा कमी, तर जूनमधला मोठा दिवस साडेसोळा तासांच्या आसपास असतो. मार्चमध्ये रोज जवळजवळ चार मिनिटांनी दिवस वाढत जातो. प्रकाश असा वेळापत्रकाप्रमाणे वाढतो. ऊब मात्र कधी लवकर येते, तर कधी उशिरा.

कळीला कसे कळते?

हिवाळ्यात निष्पर्ण झालेल्या झाडाची कळी नुसत्या उबेने उघडत नाही. तसे असते, तर जानेवारीतल्या दोन उबदार दिवसांनी ती फसली असती. बऱ्याच झाडांच्या कळीला आधी काही आठवडे पुरेशी थंडी मिळावी लागते. त्यानंतर ऊब साठत जाते आणि ठरावीक साठा झाला की कळी उमलते. काही जाती दिवसाच्या लांबीचाही अंदाज घेतात.

उबेचा साठा मोजण्याची रीत मुलांना फळ्यावर सहज दाखवता येईल. समजा, एखाद्या झाडाची वाढ ५ अंश सेल्सिअसच्या वर सुरू होते आणि त्याला ४० 'अंश-दिवस' लागतात. दिवसाचे सरासरी तापमान ९ अंश असेल, तर रोज ४ अंश जमा होतात आणि दहा दिवसांत साठा पूर्ण होतो. सरासरी ७ अंशच असेल, तर त्याच कामाला वीस दिवस लागतील. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.)

सगळी झाडे उबेला सारखाच प्रतिसाद देत नाहीत. वसंत एक अंशाने अधिक उबदार असेल, तर ओकला सुमारे आठवडाभर आधी पालवी फुटते. अ‍ॅशचे झाड इतके पुढे सरकत नाही. ओक आधी की अ‍ॅश आधी, यावरून उन्हाळ्यातल्या पावसाचे भाकीत करण्याची तिथल्या खेड्यांत जुनी समजूत आहे. त्या क्रमावरून येणाऱ्या पावसाबद्दल काही कळत नाही. होऊन गेलेल्या उबेबद्दल मात्र कळते.

बटाटे गुड फ्रायडेला लावावेत, ही अशीच दुसरी परंपरा. ईस्टरचा रविवार चंद्रावरून ठरतो. त्यामुळे आपल्या होळीप्रमाणे गुड फ्रायडेची इंग्रजी तारीखही हलते. ती २० मार्च ते २३ एप्रिल यांमध्ये कुठेही येऊ शकते. बटाट्याचा डोळा फुटण्यासाठी माती साधारण ७ ते ८ अंशांपर्यंत तापावी लागते. पाच आठवड्यांनी हलणारा सण आणि मातीचे तापमान यांचा मेळ दरवर्षी बसेलच असे नाही. म्हणून अनुभवी माळी सणाबरोबर मातीलाही हात लावून पाहतो.

दोन नोंदवह्या

हँपशरमधल्या सेलबोर्न गावी गिल्बर्ट व्हाइट हे धर्मोपदेशक राहत. १७५१ पासून ते बागेची रोजनिशी लिहू लागले. घोड्याच्या लिदीचा थर रचायचा, ती कुजताना सूक्ष्मजीवांमुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेवर काचेखाली काकड्या आणि खरबुजे वाढवायची, हा त्यांचा आवडता उद्योग. काय पेरले, कधी उगवले, हिम कधी पडले, हे सारे ते लिहून ठेवत. पुढे पक्षी, कीटक आणि रानफुलेही त्यांच्या वहीत आली. त्यांचे सेलबोर्नच्या निसर्गेतिहासावरचे प्रसिद्ध पुस्तक १७८९ चे.

नॉरफकमधले जमीनदार रॉबर्ट मार्शम यांना झाडे लावण्याचा नाद होता. त्यांनी १७३६ पासून वसंताच्या खुणांची तारीखवार नोंद सुरू केली. स्नोड्रॉपचे पहिले फूल, ओकची पालवी, बेडकांचे डरावणे, भिंगरीचे आगमन, कक्कूची पहिली साद अशा एकूण २७ खुणा त्यांनी ठरवल्या होत्या. त्यांचा तक्ता लंडनच्या रॉयल सोसायटीने १७८९ मध्येच छापला. पुढे या दोघांचा पत्रव्यवहारही झाला. मार्शम १७९७ मध्ये वारले. पण त्यांच्या घराण्यातील पुढच्या पिढ्यांनी १९५८ पर्यंत या नोंदी चालू ठेवल्या.

अशा जुन्या वह्या वाचताना एक खबरदारी घ्यावी लागते. ब्रिटनने १७५२ च्या सप्टेंबरमध्ये दिनदर्शिका बदलली आणि ११ दिवस गाळले. त्यामुळे त्यापूर्वीची तारीख जुन्या पद्धतीची आहे की नव्या, हे आधी पाहावे लागते. नाहीतर वसंत एकदम ११ दिवसांनी सरकल्यासारखा वाटेल आणि तो बदल केवळ कागदावरचा असेल!

वह्यांनी काय सांगितले?

मध्य इंग्लंडच्या मासिक तापमानाची मालिका १६५९ पासून उपलब्ध आहे. उपकरणांनी मोजलेली जगातली ती सर्वांत लांब मालिका होय. पालवीच्या आणि फुलांच्या तारखा तिच्याशेजारी मांडल्या, की दोघींचा संबंध स्पष्ट दिसतो. ब्रिटनमधल्या ४०६ वनस्पतींच्या चार लाखांहून अधिक नोंदींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. १७५३ ते १९८६ या काळाच्या सरासरीशी तुलना करता १९८७ ते २०१९ या काळात पहिले फूल सरासरी एक महिना आधी आले होते.

फुले लवकर आली तर बिघडले कुठे, असे विद्यार्थी विचारतील. बागाइतदाराला विचारले, तर तो रात्रीच्या हिमाकडे बोट दाखवील. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. २०१७ मध्ये उबदार मार्चने इंग्लंडमधल्या द्राक्षवेलींना लवकर कोंब फुटले आणि एप्रिलच्या अखेरच्या हिमाने ते जाळले. कळी बंद असती, तर तिने ती थंडी सहज सोसली असती.

दुसरी अडचण भुकेची आहे. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्याचा अभ्यास १९४७ पासून चालू आहे. त्याची पिल्ले ओकच्या कोवळ्या पानांवरच्या अळ्यांवर वाढतात. ओकची पालवी लवकर आली, की अळ्याही लवकर येतात आणि लवकर संपतात. १९६१ ते २००७ या काळात या पक्ष्याने आपली अंडी घालण्याची वेळ सुमारे दोन आठवडे अलीकडे आणली. त्याला हे जमते, कारण तो वर्षभर तिथेच राहतो आणि त्याला तिथल्या उबेचा अंदाज येतो. आफ्रिकेतून येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांना हजारो किलोमीटर दूर असताना इंग्लंडमधल्या ओकची खबर लागणे कठीण.

आपल्या शाळेसाठी

आपल्याकडची बरीच झाडे ऐन उन्हाळ्यात, पावसाआधीच पालवतात. त्यामुळे इंग्लंडचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. रीत मात्र उचलण्यासारखी आहे. 'सीझनवॉच' या उपक्रमात भारतातल्या शाळा अशी निरीक्षणे करतातच. शाळेच्या आवारातले एक झाड निवडून दरवर्षी तेच पाहावे. 'फूल आले' म्हणजे काय, हे आधी ठरवावे: एक फूल पूर्ण उमलले की निम्मी फांदी बहरली? निरीक्षण ठरलेल्या वारीच करावे, कारण रोज पाहणाऱ्याला पहिले फूल नेहमीच आधी सापडते. काही बदल दिसला नाही, तर तेही लिहावे. वहीवर गाव, झाड आणि वर्ष स्पष्ट लिहून ती पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या हाती द्यावी. मार्शम घराण्याने दोनशेहून अधिक वर्षे याहून वेगळे काही केले नाही.