कमी फिरलेल्या गाडीचा टायमिंग बेल्ट

‘एकहाती वापर, फक्त ३८,००० किमी.’ सेकंडहँड गाडीची अशी जाहिरात वाचली की जीव भुलतो. गाडी ९ वर्षांची असेल तर मी पहिल्यांदा विचारतो, टायमिंग बेल्ट बदललाय का? विकणारा हसतो. ‘अहो, गाडी फिरलीच कुठं?’

सगळ्यात महागात पडतो तो हाच गैरसमज. हा बेल्ट म्हणजे रबराचा दातेरी पट्टा, आत काचतंतूंच्या दोऱ्या. गाडी कव्हर घालून उभी ठेवली तरी रबराचं वय वाढतच असतं. म्हणून मॅन्युअलमध्ये बहुधा किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे दिलेले असतात. जो आधी गाठला जाईल तो धरायचा. कुठे ६०,००० किमी असतात, कुठे लाखाच्याही वर. इंजिन बदललं की आकडा बदलतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीचा हिशोब आपल्या गाडीला लावू नये. शिवाय ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलात तर किलोमीटर जेमतेम दोन-चार पडतात, पण बेल्ट तासभर फिरलेला असतो. मीटर ते मोजत नाही.

‘तुटायच्या आधी आवाज येईलच की!’ सकाळी सेल्फ मारल्यावर येणारी किंचाळी बहुतेक वेळा बाहेरच्या फॅन बेल्टची असते. टायमिंग बेल्ट झाकणाआड असतो आणि पुष्कळदा काहीही चाहूल न देता जातो. झाकण काढून भेगा दिसल्या तर तो बदलायचाच. दिसल्या नाहीत म्हणून आतल्या दोऱ्या शाबूत आहेत असं मात्र नाही.

आणि तुटला तर? ‘नवा टाकू’ म्हणणाऱ्यांनी थोडा हिशोब करावा. इंजिन ३,००० आरपीएमवर असताना क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० फेरे घेतो, कॅमशाफ्ट २५. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि पिस्टन वर यायच्या आत त्याला वाटेतून बाजूला व्हावं लागतं. ही वेळ साधतो तो बेल्ट. तो तुटला की कॅम थांबतो, पिस्टन मात्र वेगात असतो. आजच्या बहुतेक इंजिनांत पिस्टन आणि उघड्या व्हॉल्व्हची टक्कर होते आणि व्हॉल्व्ह वाकतात. मग हेड उतरवावं लागतं, आणि त्या बिलापुढे बेल्टची किंमत किरकोळ वाटते. गाडी अशी अचानक बंद पडली आणि बेल्टची शंका आली, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. टो करून न्या.

प्रत्येक गाडीत हा बेल्ट असतोच असंही नाही. जुन्या सँट्रोत किंवा डस्टर डिझेलमध्ये बेल्ट, स्विफ्टच्या १.३ डिझेलमध्ये चेन. चेनला ठरावीक मुदत नसते, पण ऑइल वेळेवर बदललं नाही तर तीही ताणते.

‘फक्त बेल्ट टाका, बाकी राहू द्या’ ही काटकसरही फसवी. बेल्ट ताणून आणि वाटेवर धरणाऱ्या पुलीची, म्हणजे टेन्शनर किंवा आयडलरची, बेअरिंग जाम झाली तर नवा बेल्टही जातो. बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप याच बेल्टवर चालतो. तो पुढच्या वर्षी गळू लागला तर सगळी खोलाखोल आणि तीच मजुरी पुन्हा. ऑइल सीलही तेव्हाच तपासून घ्यावं, कारण ऑइल बेल्टवर झिरपलं की रबर खराब होतं.

सेकंडहँड गाडीवाला ‘बदललाय हो’ म्हणाला, तर बिल मागा आणि त्यावरची तारीख, किलोमीटर बघा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं आणि पूर्ण किटचा खर्च गाडीच्या किमतीतून कमी करून मागायचा.