एकाच तपासणीचे मोल : डॉ. शंकरनारायणन यांचे संशोधनकार्य

स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांपैकी गर्भाशयमुखाचा कर्करोग हा बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगा आहे. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग दीर्घकाळ टिकून राहिल्यास गर्भाशयमुखातील पेशींत हळूहळू विकृती निर्माण होते आणि तिचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात. या अवधीत विकृती शोधून काढली तर साध्या उपचाराने स्त्रीचा जीव वाचतो. पाश्चात्त्य देशांनी पेशीतपासणी ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करून हा रोग आटोक्यात आणला. परंतु त्यासाठी प्रयोगशाळा हवी, तज्ज्ञ हवेत आणि स्त्रीने वारंवार येणेही हवे. शेतावर राबणारी जी स्त्री आयुष्यात कदाचित एकदाच तपासणीला येईल, तिच्यासाठी काय करता येईल? डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन यांच्या संशोधनाचा मोठा भाग याच प्रश्नाभोवती उभा राहिला.

केरळमधील तिरुवनंतपुरम येथील प्रादेशिक कर्करोग केंद्रात काम केल्यानंतर ते फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत गेले. ही संस्था जागतिक आरोग्य संघटनेचे अंग होय. तेथे राहूनही त्यांचे बरेचसे कार्यक्षेत्र भारतातील खेडीच राहिली.

तामिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात प्रशिक्षित परिचारिकांनी सौम्य ॲसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुखाची डोळ्यांनी तपासणी केली. विकृत भाग या आम्लाने पांढरा दिसू लागतो. तपासणीची सोय झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

याहून मोठा अभ्यास महाराष्ट्रात झाला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांच्या सहकार्याने तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये त्याला प्रारंभ झाला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची गावसमूहांनुसार चार गटांत विभागणी करण्यात आली. तीन गटांना अनुक्रमे विषाणूची चाचणी, पेशीतपासणी व आम्लतपासणी एकेकदाच देण्यात आली. चौथा गट तुलनेसाठी होता. आठ वर्षांच्या पाहणीनंतर, २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूचाचणीच्या गटात ३४, तर तुलनेच्या गटात ६४ स्त्रिया या कर्करोगाने दगावल्या होत्या. अन्य दोन पद्धतींनी मृत्यूंत निर्णायक घट दिसली नाही. दिंडिगलमध्ये यशस्वी ठरलेली आम्लतपासणीही येथे उणी पडली.

या आकड्यांमागील एक बाजू दृष्टिआड करता येणार नाही. तुलनेच्या गटातील स्त्रियांना रोगाची व उपलब्ध सोयींची माहिती मिळाली. तपासणी मात्र मिळाली नाही. यावर पुढे कठोर टीका झाली. त्या काळी जिल्ह्यात अशी तपासणी सर्रास उपलब्धच नव्हती, असे संशोधकांचे म्हणणे होते. जे ज्ञान आज जगाच्या उपयोगी पडत आहे, त्यात या स्त्रियांचाही वाटा आहे, याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

प्रतिबंधक लसीच्या अभ्यासात तर 'एकदाच' हा प्रश्न अनपेक्षितपणे पुढे आला. बार्शी, पुणे व मुंबईसह देशातील विविध केंद्रांवर २००९ मध्ये मुलींना दोन की तीन मात्रा द्याव्यात, हे तपासले जात होते. दुसऱ्या एका लसीकरण प्रकल्पावरून वाद उद्भवल्याने २०१० मध्ये शासनाने अशा अभ्यासांतील लसीकरण थांबविले आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. एक मात्राही विषाणूच्या प्रमुख प्रकारांच्या टिकाऊ संसर्गापासून जवळजवळ तितकेच संरक्षण देते, असे २०२१ मध्ये दिसून आले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वर्षांच्या मुलींसाठी एका मात्रेचा पर्याय मान्य केला.

साधन आता हाती आहे. ते घरोघरी पोहोचणे उरले आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक भगिनीने काही त्रास नसला तरी आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. दोन पाळ्यांच्या मधे, शरीरसंबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव होत असल्यास संकोच न बाळगता तत्काळ वैद्यकीय सल्ला घ्यावा. एका तपासणीचे मोल किती, हे आपल्याच जिल्ह्यातील स्त्रियांनी जगाला दाखवून दिले आहे.