विश्लेषण : एक ड्रोन कोसळला आणि हजारो पक्षी अंडी सोडून गेले, असे का घडले?

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात हंटिंग्टन बीच शहराला लागून बोल्सा चिका हे राखीव पाणथळ क्षेत्र आहे. मे २०२१ मध्ये तेथील पक्ष्यांच्या विणीच्या बेटावर एक ड्रोन कोसळला. सुमारे तीन हजार ‘एलिगंट टर्न’ पक्षी घाबरून उडाले, ते परतलेच नाहीत. मागे वाळूवर राहिली दीड ते दोन हजार अंडी. एका छोट्या यंत्राने एवढे नुकसान कसे केले?

हे पक्षी कोणते?

टर्न म्हणजे मराठीतले सुरय. एलिगंट टर्नची चोच लांब, नारिंगी आणि डोक्यावर काळा तुरा असतो. वसंत ऋतूत हे पक्षी कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या किनाऱ्यावर विणीसाठी जमतात. जगातील बहुतांश एलिगंट टर्न मेक्सिकोच्या इस्ला रासा या एकाच छोट्या बेटावर घरटी करतात. हे बेट १९६४ पासून संरक्षित आहे. उरलेले पक्षी कॅलिफोर्नियातील मोजक्या ठिकाणी येतात. त्यापैकी एक बोल्सा चिका.

सगळे एकत्र अंडी का घालतात?

घरटे म्हणजे उघड्या जमिनीतील उथळ खळगा. ना काड्या, ना आडोसा. त्यामुळे गर्दी हेच संरक्षण. घरटी अगदी चिकटून असतात आणि शत्रू आला की अनेक डोळ्यांना तो दिसतो. पण याच सवयीचा तोटाही आहे. एकाला धोका वाटला की संपूर्ण वसाहत एकदम उडते. धोका टळला नाही असे वाटले, तर ती जागाच सोडते.

ड्रोनची एवढी भीती का?

वरून घिरट्या घालणारी वस्तू पक्ष्यांच्या लेखी शिकारी पक्ष्यासारखी असते. ती थेट वसाहतीत येऊन पडली, तर जागा सुरक्षित नाही असाच त्याचा अर्थ होतो. एलिगंट टर्न सहसा एका हंगामात एकच अंडे घालतो आणि नर-मादी दोघे मिळून ते सुमारे २६ दिवस उबवतात. आईबाप उठून गेले की अंडे उन्हात तापते किंवा गारठते आणि गल, कावळे यांच्या तावडीत सापडते.

मग हे पक्षी गेले कुठे?

त्याच उन्हाळ्यात लाँग बीच बंदरात नांगरलेल्या दोन बार्जवर एलिगंट टर्नची मोठी वसाहत वसली. बार्जवर अंडी उबली, पिल्लेही बाहेर आली. मात्र पहिला महिनाभर या पिल्लांना उडता येत नाही. किनारा असता तर ती वाळूवर भटकली असती. बार्जच्या कडेवरून ती थेट पाण्यात पडू लागली आणि लोखंडी भिंत चढून वर येणे अशक्य झाले. बचाव पथकांनी होड्यांतून शेकडो पिल्ले बाहेर काढून त्यांची शुश्रूषा केली.

नियम नव्हते का?

होते. बोल्सा चिकामध्ये ड्रोन उडवण्यास बंदीच आहे. शिवाय स्थलांतरित पक्ष्यांसाठी अमेरिकेत १९१८ पासून संघराज्याचा कायदा आहे. पण कुंपण माणसाला आणि कुत्र्याला अडवते, वरून येणाऱ्याला नाही. ड्रोन क्षेत्राबाहेरूनही उडवता येतो. त्यामुळे अशा ठिकाणी फलक, गस्त आणि लोकांची समज यांवरच बरेच काही अवलंबून राहते.

सर्वसामान्यांनी काय लक्षात ठेवावे?

विणीच्या काळात पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागले, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे फिरावे. कुत्रा दोरीला बांधलेला असावा. आणि ड्रोनचा व्हिडिओ कितीही छान येणार असला, तरी वसाहतीजवळ तो बॅगेतच राहिलेला बरा. वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्यासाठी एक दुपार म्हणजे अख्खा हंगाम असू शकतो.