हजार डॉलरचं लाल माणिक

मुलांनो, काहीही काम न करणारी वस्तू कुणी चाळीस हजार रुपयांना विकत घेईल का? "छे! एवढं वेडं कोण असणार?" असंच म्हणाल ना? मग ही खरी घडलेली गोष्ट ऐका.

२००८ सालच्या ऑगस्टमध्ये आर्मिन हाइनरिश नावाच्या जर्मन माणसानं आयफोनसाठी एक ॲप तयार केलं. नाव 'आय ॲम रिच', म्हणजे 'मी श्रीमंत आहे'. किंमत ९९९ डॉलर ९९ सेंट! त्या वेळच्या हिशेबानं ४० हजार रुपयांच्या वर. आणि हे ॲप करायचं काय? पडद्यावर एक लाल माणिक चमकायचं. बस्स! ना खेळ, ना गाणी. ॲपल कंपनीनं एका दिवसातच ते विक्रीतून काढून टाकलं. पण तेवढ्यात आठ जणांच्या फोनवर ते पोचलंही होतं! एखाद्यानं थट्टा समजून बटण दाबलं असेल. पण त्या माणकाचा उपयोग एकच होता. "बघा, मला परवडतं!" असं चारचौघांत दाखवणं.

ही खोड जुनीच आहे बरं का! थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १८९९ सालच्या आपल्या पुस्तकात चमच्याचं उदाहरण दिलं आहे. एक चमचा हातानं घडवलेला, चांदीचा. दुसरा यंत्रावर केलेला, ॲल्युमिनियमचा. आमटी दोन्हींनी सारखीच खाता येते. मग चांदीचाच का हवा? ऐपत दिसावी म्हणून!

जाहिरातवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. १९८० च्या दशकातली ओनिडा टीव्हीची जाहिरात घरातल्या मोठ्यांना विचारा. शिंगं आणि शेपटीवाला सैतान लगेच आठवेल! शेजाऱ्याला हेवा वाटेल आणि मालकाची मान ताठ होईल, असं ती जाहिरात सांगायची. म्हणजे टीव्ही कसा दिसतो यापेक्षा शेजारी कसा जळतो, हे महत्त्वाचं!

पण इथंच खरी गोम आहे. १९९५ साली भारतात मोबाईल आला, तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे. ज्याच्या हातात मोबाईल, तो मोठा साहेब! २००३ साली येणारे फोन फुकट झाले आणि मोबाईल हळूहळू घरोघरी पोचला. मग रुबाब कशात? मॉडेलमध्ये! तेही सगळ्यांकडे आलं, की रुबाब पुढच्या मॉडेलवर उडी मारणार. आपण मागे धावत राहायचं आणि आई-बाबांनी हप्ते भरत राहायचं!

म्हणून दोस्तांनो, पुढच्या वेळी हट्ट धरण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: "ही वस्तू माझ्याकडे आहे हे कुणालाच कळणार नसेल, तरी मला ती हवी आहे का?" उत्तर 'हो' आलं, तर घरी जरूर बोला. 'नाही' आलं, तर ते लाल माणिकच समजा!

आणि हो, एखाद्या मित्राचा फोन जुना, काच तडकलेला असेल, तर त्याला हसू नका. तुम्ही पाच मिनिटांत विसराल, पण त्याच्या घरी त्या रात्री रडारड होईल.

आई-बाबा, गाडी किंवा टीव्ही घेताना हाच प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारा हं! मुलं ऐकतात कमी, बघतात जास्त.