बाटली एक, रीती तीन

निपाणी-बेळगावकडील मराठी घरांत आजारपणाची वार्ता बहुधा एकाच वाक्यात पोहोचते: 'सलाईन लावली आहे.' ऐकणाऱ्यालाही तेवढे पुरते. बाटली टांगली म्हणजे उपचार सुरू झाला, अशी आपली समजूत. अंगात त्राण नाही म्हणून 'डॉक्टर, एक बाटली चढवाच' असा आग्रह धरणारी वडीलधारी मंडळी आम्ही आमच्याच घरात पाहिली आहेत. वस्तुतः पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत साखर असते अवघी २५ ग्रॅम. ज्वारीची एक भाकरी याहून अधिक बळ देते. बाटली ही पुष्कळदा केवळ वाट असते. त्या वाटेने औषध कोणत्या वेगाने जाते, यावर रोग्याचे बरेवाईट अवलंबून असते.

शिरेवाटे औषध देण्याच्या मुख्य रीती तीन. पहिली, सिरिंजने थेट शिरेत देण्याची. येथे औषध क्षणार्धात रक्तात मिसळते, म्हणून बहुतेक औषधे काही मिनिटे घेऊन सावकाश देतात. अपवादही आहेत. हृदयाची एका प्रकारची बेफाम धडधड थांबविणारे अ‍ॅडेनोसिन शरीरात काही सेकंदांतच नाहीसे होते; ते एक-दोन सेकंदांत देऊन मागोमाग सलाईनचा झोत सोडावा लागतो.

दुसरी रीत छोट्या बाटलीची. औषध सुमारे १०० मिलिलिटर द्रवात मिसळून अर्ध्या-एक तासात, ठरलेल्या वेळी देतात. अनेक प्रतिजैविके अशी दिली जातात. व्हँकोमायसिनला निदान एक तास द्यावाच लागतो. घाई झाली तर चेहरा व मान लालबुंद होते, खाज सुटते, रक्तदाबही उतरू शकतो.

तिसरी रीत अखंड धारेची. शरीरातील पाणी भरून काढणे, इन्सुलिन वा रक्तदाब सावरणारे औषध तासन्‌तास एकाच प्रमाणात देणे, यासाठी ती वापरतात. अशी जोखमीची औषधे शक्यतो पंपाने देतात. साध्या सलाईनसाठी परिचारिका थेंब मोजते. २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो अशा नळीतून ५०० मिलिलिटर आठ तासांत जायचे, तर मिनिटाला सुमारे २१ थेंब पडले पाहिजेत. पोटॅशियमचे द्रावण तर पहिल्या रीतीने कधीच देत नाहीत. एकदम गेले तर हृदय थांबते. ते पातळ करून, सावकाशच द्यावे लागते. भेटीला आलेल्या पाहुण्याने 'किती हळू चाललंय' म्हणून नळीवरचे चाक फिरवणे किती घातक, हे यावरून ध्यानी यावे.

आपल्या भागात या साऱ्याची कसोटी लागते ती सर्पदंशात. तंबाखू, ऊस, सोयाबीन यांच्या शेतांत राबणाऱ्यांना नाग, मण्यार, घोणस यांचे भय नवे नाही. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक केली, यावरूनही प्रश्नाचे गांभीर्य कळते. विषबाधेची लक्षणे दिसताच प्रतिविष द्यायचे ते शिरेतूनच. दंशाच्या जागी टोचायचे नाही. ते दोन रीतींनी देता येते: सिरिंजने, मिनिटाला दोन मिलिलिटरहून अधिक वेग न ठेवता, किंवा सलाईनमध्ये मिसळून सुमारे तासाभरात. गुण दोहोंचा सारखाच. पहिल्या रीतीत देणाऱ्याला रोग्याजवळच बसावे लागते, हा तिचा लाभच होय. मूल असले तरी मात्रा कमी करीत नाहीत, कारण सापाने ओतलेले विष माणसाच्या वयावर ठरत नाही. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनते. म्हणून खाज, अंगावर गांधी, धाप यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात आणि अ‍ॅड्रिनलिन हाताशी तयार ठेवतात.

गरज नसता बाटली मागू नये, याला आणखी एक कारण आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीत प्रसूत झालेल्या काही मातांचे मृत्यू झाले, तेव्हा संशय सलाईनच्याच एका प्रकारावर गेला आणि राज्य सरकारने त्या पुरवठ्याचा वापर थांबविला. थेट रक्तात जाणाऱ्या द्रवाला निरुपद्रवी मानता येत नाही. तोंडाने पाणी पिता येत असेल, तर मीठ-साखरेचे पाणी अनेकदा तेच काम करते.

शेवटी एक आपल्या सीमाभागापुरते. सुईच्या जागी आग झाली, सूज आली किंवा अंगाला खाज सुटली, तर ते त्याच क्षणी सांगायला हवे. पण मराठीच बोलणारी आजी रात्रपाळीच्या कन्नड परिचारिकेपुढे कित्येकदा गप्प राहते. उगाच त्रास नको, म्हणते. म्हणून पाच शब्द घरातल्या प्रत्येकाने पाठ करावेत: दुखण्याला 'नोवू', आगीला 'उरी', सुजेला 'बावू', खाजेला 'तुरिके', श्वासाला 'उसिरू'. भाषेचे वाद आपल्या जागी राहोत. खाटेवरच्या माणसाचे म्हणणे वेळेवर पोहोचणे महत्त्वाचे.