खंड्याच्या पाठीवरचा उजेड

छोटा खंड्या काठावरच्या फांदीवरून पाण्यात सूर मारतो, तेव्हा त्याच्या पाठीवरची निळाई क्षणभर विजेसारखी लखलखते. ही निळाई कागदावर उतरवण्याचा मोह असंख्य चित्रकारांना होतो आणि बहुतेकांच्या पदरी निराशा पडते. पेटीतला सर्वांत तेजस्वी निळा रंग वापरूनही चित्रातला पक्षी रंगवलेल्या खेळण्यासारखा निस्तेज दिसतो. दोष दरवेळी हाताचाच असतो असे नाही. पिसांचा निळा आणि पेटीतला निळा हे मुळात दोन वेगळ्या जातींचे रंग आहेत.

खंड्याच्या पाठीवरील पिसांत निळे रंगद्रव्य नसतेच. पिसांच्या तंतूंत केराटिनची अतिसूक्ष्म, स्पंजासारखी सच्छिद्र रचना असते. तिच्यामुळे प्रकाशातील निळ्या लहरी विशेष जोमाने परत फिरतात आणि उरलेला बराचसा प्रकाश मेलॅनिन शोषून घेते. पोटाचा नारिंगी रंग मात्र खऱ्याखुऱ्या रंगद्रव्याचा. चित्रकाराच्या हाती आहे ते केवळ रंगद्रव्य, आणि रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग गिळूनच आपला रंग दाखवते. साहजिकच कागदावर जितके थर चढतात, तितका उजेड घटत जातो.

मग जलरंगातला प्राणी उजळतो कशाने? कागदाने. पारदर्शक रंगाच्या पातळ थरातून प्रकाश आत शिरतो, पांढऱ्या कागदावरून परततो आणि त्याच थरातून पुन्हा बाहेर येतो. रंगीत काचेमागे दिवा ठेवावा, तसा हा प्रकार. तैलरंगात उजेड अखेरच्या फटकाऱ्यानेही आणता येतो. जलरंगात तो पहिल्या क्षणापासून कागदावर असतो आणि शेवटपर्यंत सांभाळावा लागतो. एकदा गढूळ झालेला भाग ओल्या ब्रशने कितीही पुसला, तरी पहिली शुभ्रता सहसा परत येत नाही.

सर्वच परंपरांनी हा मार्ग धरला असे मात्र नाही. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी अल्ब्रेख्त ड्यूररने रंगवलेला नीलपंखाचा पंख व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. तो चर्मपत्रावर असून त्यात पारदर्शक रंगांच्या जोडीला अपारदर्शक रंगही आहेत. जहांगीरच्या दरबारातील उस्ताद मन्सूरच्या पक्षीचित्रांतही अपारदर्शक रंगांचे थर घोटून तुकतुकीत केलेले असत. अठराव्या शतकात कलकत्त्यात लेडी मेरी इम्पी यांनी शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास या पाटण्याच्या तीन चित्रकारांकडून आपल्या संग्रहातील पशुपक्ष्यांची चित्रे काढून घेतली. त्यांच्या हाती व्हॉटमन या इंग्रज उत्पादकाचा पांढरा, गुळगुळीत कागद आला. मुघल शैलीतला एकेक पिसाचा बारकावा आणि मोकळ्या सोडलेल्या कागदाची पांढरी पार्श्वभूमी यांचा तो संगम आजही थक्क करतो.

महाराष्ट्राला या तंत्राचा सर्वांत परिचित दाखला मात्र प्राणिचित्रांच्या बाहेर सापडतो. सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील चित्र जलरंगातले आहे, हे ऐकून आजही अनेकांना आश्चर्य वाटते. ज्योतीसमोर धरलेल्या हाताची बोटे तिथे आतून पेटल्यासारखी तांबूस दिसतात. ती तशी दिसतात, कारण भोवतालचा सगळा परिसर दबका ठेवला आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात पाठमोऱ्या उभ्या असलेल्या चितळाचे कान नेमके याच रीतीने रंगवावे लागतात. पातळ कातडीतून ऊन आरपार येते आणि रक्ताची लाली उजळते. आधी फिकट, उबदार पिवळ्याचा हात फिरवायचा, तो ओलसर असतानाच मधोमध गुलाबी सोडायचा, कडेला कोऱ्या कागदाची केसाएवढी रेघ राखायची आणि कानामागचे जंगल गडद करायचे. जंगल गडद करण्याचे धैर्य झाले नाही, तर कान नुसताच गुलाबी राहतो. नवशिक्यांची चित्रे बहुतेक वेळा इथेच फसतात.

खंड्याच्या बाबतीतही शेजाराचे महत्त्व तेवढेच. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचे रूप पालटतात, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरलने १८३९ साली ग्रंथरूपाने मांडले. निळ्याला नारिंगीचा शेजार मिळाला की दोन्ही अधिक प्रखर भासतात. निसर्गाने ही जोडी त्या पक्ष्याच्या अंगावर आयतीच ठेवली आहे. फक्त ते दोन रंग ओले असताना एकमेकांत मिसळू देऊ नयेत, नाहीतर राखाडी चिखल हाती येतो. पाठीवरचा सर्वांत चमकदार पट्टा हिरवट निळ्याच्या एकाच पातळ थरावर सोडावा. पंखांवर, तोही पहिला थर पुरता वाळल्यावर, दुसरा आणि तिसरा हात द्यावा. गळ्याजवळचा पांढरा ठिपका म्हणजे निव्वळ कोरा कागद. पार्श्वभूमीला मातकट हिरवा पुरतो. तिथेही भडक रंग आला, तर पक्ष्याची चमक हरवते.

मे महिन्याच्या अखेरीपासून भंडारदरा परिसरात काजव्यांनी लगडलेली झाडे रंगवायची, तर कागद राखण्याची कसोटीच लागते. रबराच्या चिकाचे मास्किंग फ्लुइड ठिपक्याठिपक्याने लावून वरून रात्रीचा काळोख चढवता येतो. ते सोलून काढल्यावर मात्र कडा कापल्यासारख्या कठीण निघतात. त्या ओल्या ब्रशने मऊ करून भोवती पिवळट हिरव्याचे वलय दिल्याशिवाय ठिपके काजवे वाटत नाहीत, नुसती भोके वाटतात.

एवढ्या खटाटोपाऐवजी चमकणारा रंगच विकत का घेऊ नये, असे कोणालाही वाटेल. ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्षी रंगवताना ‘ऑपेरा’ नावाच्या झगझगीत गुलाबीकडे हात हमखास वळतो. या रंगाची झळाळी त्यात घातलेल्या प्रतिदीप्त रंजकामुळे असते आणि ते रंजक उजेडात लवकर मरते. मागे उरतो तो साधा गुलाबी. जलरंगांवर प्रकाशाचा काय परिणाम होतो, याचा रसेल आणि ॲबनी यांनी केलेला सविस्तर अभ्यास १८८८ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या, लाडक्या रंगांपैकी अनेक उडणारे निघाले. म्हणूनच संग्रहालयांत जलरंगचित्रे साधारण ५० लक्स एवढ्या मंद प्रकाशात ठेवतात. घराच्या भिंतीवर अशी सोय नसते आणि खिडकीसमोर टांगलेला रोहित पक्षी काही वर्षांत आजारी दिसू लागतो.

ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा संकेत छापलेला असतो. ‘पीव्ही १९’ या संकेताचा क्विनाक्रिडोन गुलाबी पारदर्शक आहे आणि उजेडात चांगला टिकतो. कोऱ्या कागदावर त्याचा एक पातळ थर आणि पक्ष्यांच्या पायाशी खाडीच्या चिखलाचा गडद राखाडी एवढ्यावर थवा पुरेसा उजळतो. चित्र केवळ छपाईसाठी असेल तरी ‘ऑपेरा’चा फारसा उपयोग नाही, कारण ती झळाळी स्कॅनरला नीट टिपता येत नाही आणि छापखान्याच्या चार शायांना ती साधतही नाही.